खिळ्यावरच्या आठ पाट्या

“तोंड दिलंय न्हवं देवानं? मग कागदाला कशाला बोलायला लावालास?”

आतून आवाज आला आणि मी दाराबाहेरच थांबले. हे मला उद्देशून नव्हतं. माझ्यापुढच्या एका उंच मुलानं टेबलावर चिठ्ठी ठेवली होती आणि टेबलामागच्या बाईंनी ती न वाचताच दोन बोटांनी परत त्याच्याकडे सरकवली होती. चिठ्ठी माझ्याही हातात होती. आदल्या दिवशी घरी बसून, दोनदा खाडाखोड करून, तिसऱ्यांदा स्वच्छ अक्षरात इंग्रजीत लिहिलेली. ती मी पर्समध्ये टाकली आणि आल्या पावली परत फिरले. लॉ कॉलेजातला तो माझा दुसरा दिवस होता.

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत एक अख्खं पान विद्यार्थ्यांच्या सोयींचं होतं. पुस्तक पेढी, शिष्यवृत्ती मार्गदर्शन, समुपदेशन, तक्रार निवारण, विधी साहाय्य केंद्र, अभिरूप न्यायालय, अभ्यासमित्र योजना, करिअर मार्गदर्शन. आठ. मला ते पान फार आवडलं होतं. मी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमातली. दुकानदाराशी, रिक्षावाल्याशी, ऑफिसातल्या कुणाशीही बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवायचे आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या कामाला लागलेला असायचा. आठ सोयी म्हणजे आठ खिडक्या असतील, प्रत्येक खिडकीवर फॉर्म असेल, फॉर्म भरून आत सरकवला की काम होईल, असा माझा हिशेब होता.

प्रत्यक्षात जिन्याखाली एक खोली होती. खोलीत एक टेबल, टेबलामागच्या भिंतीत एक खिळा, खिळ्यावर एक पाटी. बाकीच्या सात पाट्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून उभ्या. विद्यार्थी आत आला की बाई विचारायच्या, “कुठली पाटी लावू?” त्यानं सांगितलं की उठायच्या, खिळ्यावरची काढायच्या, हवी ती अडकवायच्या, पुन्हा खुर्चीत बसायच्या आणि पूर्ण वेगळ्या बाई व्हायच्या.

पुस्तक पेढीची पाटी लागली की त्या संशयी. परत आलेल्या पुस्तकाचं प्रत्येक पान उलटून बघणार आणि कोपरा दुमडलेला सापडला की पुस्तकालाच विचारणार, “कुणी केलं रे तुला हे?” तक्रार निवारणाची पाटी लागली की उभ्या राहणार, कारण तक्रार बसून ऐकायची नसते म्हणे. समुपदेशनाला दार अर्धं लोटायच्या आणि समोर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग ओतायच्या. “फोडत बस. हात चालला की तोंड चालतंय.” एकदा प्राचार्य स्वतः तिथं शेंगा फोडत बसलेले मी पाहिले. खिळ्यावर समुपदेशनाचीच पाटी होती. करिअर मार्गदर्शन सगळ्यांत लवकर आटपायचं. “काय होऊ म्हणतोस? वकील हो. लॉ कॉलेजात आलाईस, डॉक्टर हो म्हणू व्हय? नवीन पॅरा.”

‘नवीन पॅरा’ हे त्यांचं खास. आयुष्यभर कोर्टात स्टेनो होत्या. साहेब सांगणार आणि या टाईप करणार. निवृत्तीनंतर कॉलेजनं बोलावून या खोलीत बसवलं, पण बोटं कोर्टातच राहिली होती. कुणी बोलायला लागलं की त्यांची दहाही बोटं टेबलाच्या फळीवर हलायची, आवाज न करता. आपण सांगतोय ते सगळं टाईप होतंय असं वाटायचं. मुलगा थापा मारायला लागला की बोटं थांबायची. बस, एवढंच. त्या तोंडानं काही म्हणायच्या नाहीत. हॉस्टेलची मुलं म्हणायची, आक्कांची बोटं थांबली की खरं बोलून टाकावं, वेळ वाचतो.

सगळे त्यांना आक्का म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. सीमेकडच्या गावातल्या होत्या, त्यामुळं बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द यायचा. आणि इकडच्या पुष्कळ बायकांसारख्या स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायच्या. “मी जेवलो”, “मी काल गावाला गेलतो.” माझ्या शाळेत हे गावंढळ समजलं जायचं. आक्कांच्या तोंडून ऐकताना मात्र वाटायचं, हिला ‘जेवले’ म्हणायला लावणं म्हणजे हिला लहान करणं होईल.

मी तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चिठ्ठी न घेता.

“कुठली पाटी लावू?”

मी म्हटलं, “बुक बँक.” म्हणजे मला वाटलं की म्हटलं.

“ओठ हलल्यालं दिसलं. आवाज कुठाय?”

“बुक... पुस्तक पेढी.”

“हां. पेढीवर लाजत न्हाईत पोरी. पेढीवर घेत्यात.” त्या उठल्या, पाटी बदलली आणि मला करार कायद्याचं जाडजूड पुस्तक दिलं. मग माझ्याकडं बघत राहिल्या. “इंग्लिश मीडियम?”

मी मान हलवली.

“अभ्यासमित्राची पाटी मीच लावतो आता. तुला सुचायचं न्हाय.” आणि पाटी लावून त्यांनी दारातून जाणाऱ्या एका मुलीला हाक मारली. ही शुभांगी. कागलकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायची, सगळं शिक्षण मराठीतून, आणि इंग्रजी पुस्तकांसमोर रडकुंडीला आलेली. आक्का तिला म्हणाल्या, “ही तुला इंग्रजी देणार. तू हिला मराठी दे. आणि आवाज पण दे जरा, तुझ्याकडं जादा हाय.”

खरंच होता. शुभांगी कॉलेजच्या फाटकातून बोलायला लागली की ग्रंथालयात ऐकू यायचं.

माझ्या आईचं नाव आज कुरुंदवाडच्या शेताच्या सातबाऱ्यावर आहे ते या आक्कांमुळं. ज्या दिवशी ते नाव जाणार होतं, त्या दिवशी आक्का तिथं नव्हत्या. कुरुंदवाड त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. पण ते नाव जाता जाता राहिलं ते या जिन्याखालच्या खोलीत शिकलेल्या एका गोष्टीमुळं, म्हणून आधी ती सांगायला हवी.

विधी साहाय्य केंद्राची पाटी दर शनिवारी दुपारपर्यंत खिळ्यावर असायची. गावातले, आसपासचे लोक कागद घेऊन यायचे आणि दुसऱ्या वर्षाची मुलं आक्कांच्या देखरेखीखाली त्यांना मदत करायची. कुणाला अर्ज लिहून हवा असायचा, कुणाला आलेल्या नोटिशीचा अर्थ. या खोलीचा नियम एकच होता. कुठल्याही कागदावर सही होण्याआधी तो अख्खा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सही करणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. आणि मग त्याला विचारायचं, “आता तुम्ही सांगा, ह्यात काय हाय?” याला आक्का ‘उलट सांगणं’ म्हणायच्या. उलट सांगता आलं नाही की पुन्हा वाचायचं. एका आजोबांना शुभांगीनं एकच अर्ज पाच वेळा वाचून दाखवलेला मला आठवतो. पाचव्यांदा आजोबा वैतागून म्हणाले, “अगं, मला पैल्यांदाच कळलंतं. तुझा आवाज चांगला हाय म्हणून ऐकालतो.”

माझ्यावर पहिली पाळी आली ती राजारामपुरीतल्या एका शिलाईवाल्या बाईंची. त्यांनी गल्लीत छोटा गाळा घ्यायचा ठरवला होता आणि मालकानं दिलेला करार घेऊन आल्या होत्या. मी वाचला. खाली बघून, भरभर, एका दमात. बाई प्रत्येक ओळीला “व्हय, व्हय” करत होत्या. मला वाटलं, छान चाललंय.

आक्का म्हणाल्या, “काय हाय मावशी ह्यात?”

बाई खुशीत म्हणाल्या, “लई गुणाची पोरगी हाय बगा.”

सगळी खोली हसली. आक्का नाही हसल्या. त्यांची बोटं मघापासून थांबलेलीच होती, ते मला तेव्हा दिसलं. “परत,” त्या म्हणाल्या. “आणि कागदाला वाचून दाखवू नको. कागदाला ठावं हाय त्याच्यात काय हाय. ह्यांच्याकडं बगून वाच.”

मी पुन्हा वाचलं. मान वर करून एक ओळ, मग अर्थ, मग दुसरी ओळ. जिथं मराठी अडली तिथं शुभांगी शेजारून सोप्या शब्दांत सांगायची, ते मी बाईंना सांगायचे. ‘मालकास वाटेल तेव्हा एक महिन्याची सूचना देऊन’ या ओळीला बाईंचं “व्हय” आलंच नाही.

“म्हंजे दिवाळीच्या तोंडावर जा म्हणाला तर? चार बायकांची पोलकी मशीनवर अर्धी असत्यात त्या टायमाला.”

“जावं लागेल,” मी म्हटलं.

“मग मी न्हाय करत सही.”

आक्का पहिल्यांदा हसल्या. “आता वाचलंस बग तू. नवीन पॅरा.” त्या बाईंनी नंतर मालकाशी भांडून ती ओळ बदलून घेतली आणि गाळा घेतला. माझं एक पोलकं त्यांनी शिवून दिलं. काखेत घट्ट आहे, तरी मी घालते.

हा नियम कुठून आला ते आक्कांनी मला एकदाच सांगितलं, तेही समुपदेशनाची पाटी लावून. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते कळलं नाही. शेंगा त्याच फोडत होत्या. साक्षीदाराची साक्ष टाईप झाली की खाली एक ठरलेली ओळ असते, वाचून दाखविले, बरोबर असल्याचे कबूल केले. कितीतरी वर्षं त्या रोज ती ओळ टाईप करत होत्या. एका लहान गावच्या कोर्टात एकदा जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठले, आणि यांनी एका म्हातारीच्या साक्षीखाली ती ओळ टाईप करून टाकली. वाचून न दाखवता.

“मधली एक ओळ माझ्याकडनं गळालती. नेमकी तिच्या बाजूची. अंगठा तिचा, कागद तिचा, न् कबूल केले म्हणून लिवल्यालं मी.” त्यांनी शेंग फोडली, दाणे माझ्यापुढे सरकवले. “तवापासनं मी ती ओळ खरी करालोय. पूर्णविराम.”

मी दुसऱ्या वर्षाला असताना आजोबांना, आईच्या वडिलांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. मागे आई, मावशी आणि मामा. कुरुंदवाडला नदीकडं शेत आणि गावात घर. मामाचा आईला फोन आला की सोमवारी निबंधक कार्यालयात सही करायला या दोघी, दस्त तयार आहे. सही झाली की नृसिंहवाडीला दर्शन, मग घरी जेवण. दोघींना साड्या पण घेऊन ठेवल्यात. फोन ठेवल्यावर आई कितीतरी वेळ हसत होती. आण्णांच्या जागी आपलं नाव लागणार, याचा तिला आनंद होता. ती शेजारच्या काकूंनाही सांगून आली.

मामानं दस्ताची प्रत आईच्या फोनवर पाठवली होती. आईनं ती उघडली नाही. मी उघडली. वर लिहिलं होतं, हक्कसोड पत्र.

मी तो दस्त तीनदा वाचला. आई आणि मावशी त्या मिळकतीतला आपला सर्व हक्क, हितसंबंध भावाच्या लाभात कायमचा, राजीखुशीनं, कोणताही मोबदला न घेता सोडून देत आहेत, असं त्यात होतं. मी स्वयंपाकघरात गेले. मनात वाक्य जुळवलं आणि म्हटलं, “आई, यात तुझं नाव लागणार असं नाहीये. तू हक्क सोडतेस असं लिहिलंय.”

आईनं फोडणीतून मान वर केली नाही. “तसंच लिहितात गं ते. नाव लावायचं झालं तरी आधी तसंच लिहावं लागतं. कायद्याची मराठी वेगळी असते. तू इंग्लिश मीडियमची, तुला ती कळायची नाही.”

“पण आई...”

“तुझ्या मामानं केलंय. मामानं केलेलं काय वाचायचंय?”

मी तिचा फोन ओट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी खोलीत गेले आणि नेहमीसारखी टेबलाच्या आतल्या बाजूला बसले नाही. बाहेरच्या बाजूच्या खुर्चीत बसले, जिथं लोक बसतात. आक्कांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा खिळ्याकडं पाहिलं. पाटी विधी साहाय्याचीच होती, पण त्या तरी उठल्या, ती काढली आणि पुन्हा तीच लावली. “बोल.”

मी बोलले. बोटं चालू होती. शेवटपर्यंत थांबली नाहीत.

“मामा वाईट हाय?”

“नाही,” मी म्हटलं. आणि खरंच नव्हता. माझ्या वाढदिवसाला मामा कुरुंदवाडहून दुधाचा कॅन मोटरसायकलला बांधून आणायचा, आईला बासुंदी करता यावी म्हणून.

“फशिवतोय?”

मी विचार केला. “त्याला वाटतंय आईला माहितीये. बहिणी सोडतातच, असं त्यांच्याकडं सगळे धरून चालतात. आणि आईला वाटतंय, मामा नाव लावतोय.”

“मग भांडान कुणाशी न्हाय तुझं. नुस्तं वाचायचं हाय.” आणि मग त्यांनी तेच सांगितलं जे त्या प्रत्येकाला सांगत. “सोड म्हणू नको, धर म्हणू नको. तिचा हक्क हाय, ती सोडंल नायतर उराशी धरंल. आपलं काम काय? कशावर सही कराली ते तिच्या कानात पडलं पायजे. आणि सगळ्यांसमोर पडलं पायजे. घरात एकटीला सांगितलंस तर ती म्हणंल, पोरगी मामाच्या विरुद्ध बोलाली. सगळ्यांसमोर वाचलं की कुणाचं कुणावर येत न्हाय.”

“तुम्ही याल?”

“मी? मी हितं खिळ्याला हाय.” त्या उठल्या. “चल. अभिरूप न्यायालयाची पाटी लाव.”

अभिरूप न्यायालय म्हणजे कॉलेजच्या वरच्या मजल्यावरचा मोठा हॉल. मुलांनी कोर्टात बोलायचा सराव करावा म्हणून तिथं न्यायाधीशाचा उंच मंच, साक्षीदाराचा पिंजरा, सगळं लाकडी, खरं असल्यासारखं. मी पहिल्या वर्षी तिथं एकदाच उभी राहिले होते आणि माझं नाव सांगून खाली बसले होते. आक्का आणि शुभांगी सगळ्यांत मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मी पिंजऱ्यात उभी राहून फोनवरून छापून आणलेला दस्त वाचायला लागले.

“ऐकू आलं न्हाय,” आक्का.

पुन्हा.

“पंखा ऐकू आला. तू न्हाय.”

पुन्हा. मग दोघींनी मिळून सोंगं काढायला सुरुवात केली. शुभांगी झाली कार्यालयातला कारकून. “ओ मॅडम, मागं लाईन लागलीया, काय रामायण लावलंय?” आक्का झाल्या मामा. “शिकीवलं म्हणून मामाला कोर्टात खेचतीस व्हय गं?” मग आक्का झाल्या गावातले कुणी वडीलधारे. “पोरीच्या जातीनं मोठ्यांच्यात बोलू नये.” मग शुभांगी झाली माझी आई आणि नुसतीच पदर डोळ्याला लावून बसली. ते सगळ्यांत अवघड होतं. मी वाचत राहिले. दुपार गेली. शेवटी एकदा आक्का मागच्या बाकावरून म्हणाल्या, “आलं ऐकू.” त्यांनी माझं कौतुक केलं नाही. घड्याळात बघून म्हणाल्या, “शुभे, तुझी एसटी गेली आज. हिच्या घरी जेव.”

सोमवारी निबंधक कार्यालयात यातलं काहीच झालं नाही.

कुणी ओरडलं नाही. कारकून शांत होते, लाईन नव्हती. मामा आमच्या आधी येऊन थांबला होता. आईला आणि मावशीला बाकावर बसवलं, पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या. मला बघून म्हणाला, “आलासा व्हय वकीलसाहेब? उन्हातनं आलीस, चेहरा बग कसा झालाय.” आणि रसवंतीतून माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आला. आलं घालून, बर्फाशिवाय, मला लागतो तसा. लहानपणापासून त्याच्या लक्षात होतं. आक्कांनी माझी सगळ्या विरोधाची तयारी करून घेतली होती, प्रेमाची नव्हती. रस हातात धरून मी तिथं बसले आणि दोन दिवस घासूनपुसून लखलखीत केलेला माझा आवाज पार आत गेला.

मी एकदा मामाला म्हटलंसुद्धा, “मामा, मी दस्त वाचून दाखवू आईला?”

“घरी वाच की. एक कॉपी तुलाच देतो, अभ्यासाला हुईल.” तो मनापासून म्हणाला. खरंच दिली असती.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. त्या दिवशी सही झाली नाही. आम्ही नृसिंहवाडीला गेलो नाही. मामाच्या घरी जेवलो, पण साड्या पिशवीतच राहिल्या. सहा आठवडे मामाचा फोन नव्हता. आई रोज कुठल्या तरी निमित्तानं फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. त्या सहा आठवड्यांत मी स्वतःला पुष्कळ बोल लावले. मग एक दिवस मामा मावशीला घेऊन राजारामपुरीत आमच्या फ्लॅटवर आला. चहा झाल्यावर म्हणाला, “ताई, मला वाटलं तुला ठावं हाय. तुला ठावं न्हवतं हे मला ठावं न्हवतं. सही घेऊन घरी गेलो असतो आणि तुला नंतर कधी कळलं असतं, तर मी कुठल्या तोंडानं भाऊबीजेला आलो असतो?” तिघं मिळून तलाठ्याकडं गेले. सातबाऱ्यावर आता तीन नावं आहेत. पहिला उतारा मिळाला तेव्हा आईनं तो मला वाचायला दिला नाही, स्वतःच वाचला. मोठ्यानं, सगळा, गट नंबरापासून.

मावशीनं पुढं घरातला आपला वाटा मामाला सोडून दिला. तिला तो नको होता, शेत मात्र हवं होतं. पण तिनं दस्त ऐकला, दोनदा ऐकला, आणि कारकुनाला उलट सांगितला. मी हे सगळं जिन्याखालच्या खोलीत जाऊन सांगितलं तेव्हा आक्कांनी आईबद्दल “बरं झालं” एवढंच म्हटलं. मावशीचं ऐकून मात्र खुर्चीतून उठल्या. “सोडला? समजून सोडला? वा गं तुझी मावशी! असं पायजे. तिला माझ्याकडनं शेंगा दे.” आणि खरोखर पिशवीभर शेंगा दिल्या.

आक्का आता कॉलेजात नाहीत. बहिणीकडं गावी राहतात. कॉलेजात काचेच्या दारांच्या नव्या केबिनी झाल्यात, प्रत्येकीला आपापली पाटी आणि आपापला माणूस. चांगलंच झालं, मुलांना रांगेत थांबावं लागत नाही. मला सनद मिळाली तेव्हा मी आक्कांना फोन केला. नाव सांगितलं तर पलीकडून आवाज आला, “सांगायला कशाला पायजे, आवाज वळिकला की.” माझा आवाज कुणी ओळखण्याइतका मोठा असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण त्या सोमवारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. उसाचा रस संपला होता. आतून आईचं नाव पुकारलं. आई उठली, फोटो येणार म्हणून केस सारखे केले, कुंकू चाचपलं आणि कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसली. मावशी तिच्या मागं, मामा शेजारी. टेबलामागच्या साहेबांनी दस्त पुढं ओढला आणि रोजच्या सवयीनं विचारलं, “मजकूर मान्य आहे ना?” आईनं हसून मान डोलावली. अंगठ्यासाठीचं छोटं यंत्र तिच्याकडं सरकवलं गेलं.

मी दारात होते. मनात वाक्य जुळवायला लागले आणि लक्षात आलं की हे वाक्य जुळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. म्हणून न जुळवताच आत गेले. दस्ताची छापलेली प्रत हातात होती, पण तिच्याकडं पाहिलं नाही. आईकडं पाहिलं. आवाज माझाच होता, पण खोलीतली सगळी माणसं वळली, साहेबांनी यंत्रावरचा हात मागं घेतला आणि मामाच्या हातातली बाटली तशीच राहिली.

मी म्हटलं, “आई, अंगठा लावू नकोस, आधी ऐक. ह्या कागदानं आण्णांच्या शेतात तुझं नाव लागत नाही, तुझा हक्कच कायमचा जातो, मावशीचाही जातो, आणि मामाला वाटतंय तुला हे माहीत आहे. सगळ्यांसमोर सांग, तुला माहीत होतं?”